पांढरा फुटवा

“मग सिदबाला मठातून जायला सांगणार आहात की नाही?”

अचलगिरी महाराज मठामागच्या भिंतीवरची वेल न्याहाळत होते.

“ध्यानाला बसला की घोरतो तो. आज पहाटे तर माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला. असा साधक हवा कशाला?” मार्तंडचा आवाज चढला होता. “एक तर तो राहील, नाहीतर मी.”

मार्तंड ध्यानाला बसला की नाकावर माशी बसली तरी हलत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तोच सांगत असे.

आंबोलीच्या त्या मठामागे जांभळांची दाट सावली होती. तिथे फुलझाड धरत नसे, म्हणून मार्तंडनं भिंतीवर आयव्हीची वेल चढवली होती. हिरवी पानं, त्यांना पांढऱ्या कडा. त्या वेलीवर त्याचा भारी जीव. आत्ताही त्याच्या हातात कात्री होती.

“हे बघा.” त्यानं नुसत्या हिरव्या पानांचा एक फुटवा धरला. “असला साधा फुटवा जोरात वाढतो. वेळीच छाटला नाही, तर सगळी वेल हिरवी करून टाकतो. माणसांचंही तेच.”

कच्च. फुटवा खाली पडला.

“छाट,” महाराज म्हणाले. “हिरवं दिसेल ते सगळं छाट.”

“सगळं...?”

महाराजांनी वेलीत हात घालून एक फुटवा अलगद पुढे काढला. पानं दुधासारखी पांढरी. हिरव्याचा ठिपकाही नाही.

“हा एवढा ठेव.”

मार्तंडचा हात थांबला. त्या फुटव्याचा त्याला कोण अभिमान! येईल त्याला तो दाखवायचा.

“महाराज, मग हा मरेल.”

“का? याच्याइतकं निर्मळ दुसरं काय आहे इथे?”

“पांढऱ्या पानाला स्वतःचं अन्न करता येत नाही. बाजूची हिरवी पानं करतात. त्यांच्याच जिवावर हा...”

महाराज त्याच्याकडे बघत राहिले. मार्तंडला राग आला होता. महाराजांचा की स्वतःचा, हे त्याला कळेना. कात्री तशीच उघडी होती.

“बोल ना... कुठून छाटायचं?” महाराजांनी विचारलं.

मार्तंडनं कात्री मिटली.

खालच्या वाटेवर कुणाची तरी दमलेली पावलं वाजली. महाराज मठाकडे वळले.

“सिदबा चार गावं फिरून सगळ्यांची भिक्षा घेऊन आला. चल, जेवून घे.”