यिर्मयाबापूंना लाभलेले अभय

त्या साली श्रावणाच्या अखेरीस करुणादास महाराज प्रवरेकाठच्या कडेवळण गावी मुक्कामाला आले. अंगात भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, हाती एकतारी. ख्रिस्तनामाचे कीर्तन करीत महाराज गावोगाव हिंडत आणि ज्याच्या दारी थांबत त्याच्याकडची भाकरी खात.

कडेवळणच्या ख्रिस्तमंदिराचे पंच होते यिर्मयाबापू साळवे. मंदिराची भिंत त्यांनी स्वतः दगड वाहून उभारली होती. शुक्रवारचा उपास नाही चुकला, पहाटेची प्रार्थना नाही चुकली. गाव त्यांना मान देई, आणि बापूंनाही तो आपला हक्कच वाटे.

त्याच गावात साळूबाई राहत असे. पूर्वी ती नदीकाठी दारूची भट्टी लावी. तिच्याच भट्टीची पिऊन तिचा नवरा गेला. मग तिने मडकी फोडली आणि महाराजांच्या मागच्या फेरीत त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पण प्रभूच्या नावाने भाकर मोडून वाटून खातात, त्या प्रभुभोजनाला बापू तिला बसू देत नसत. आधी सेवा कर, देवाला तुझ्यातला पालट दिसू दे, असे त्यांचे म्हणणे. बिचारी मंदिर झाडी, सारवी, पाणी भरी, उपास काढी, आणि रविवारी दाराबाहेर बसे. किती केले म्हणजे देव पदरात घेईल, हे मात्र तिला कोणी सांगत नव्हते.

रविवारी महाराजांनी भाकर मोडली आणि साळूबाईला आत बोलावले. ती उंबऱ्याशीच अडली.

"माझं अजून पुरं व्हायचंय, महाराज."

"तुझं कधीच पुरं व्हायचं नाही, बाई," महाराज म्हणाले. तिचा चेहरा उतरला. "म्हणून तर प्रभूने क्रुसावर ते पुरं केलं. मागे काही ठेवलं नाही. ये, बैस."

साळूबाई आत आली आणि तिने ती भाकर घेतली. तोच बापू उठून उभे राहिले.

"भट्टीवालीला एवढ्यात मोक्ष मिळत असेल, तर आम्ही जन्मभर झिजलो ते काय वेडे म्हणून?"

दोघेतिघे हसले. साळूबाईची मान खाली गेली. बापू तरातरा बाहेर निघून गेले.

आणि लगेच त्यांची किंकाळी ऐकू आली. वहाणा घालताना बापूंनी भिंतीला हात टेकला होता, आणि दगडांच्या फटीतल्या नागाने मनगटाला डंख केला होता.

लोकांनी त्यांना चिंचेखाली निजवले. दवाखाना नदीपलीकडे, आणि प्रवरा दोन्ही तीर सोडून धावत होती. नाव पाण्यात लोटताच उलटली. नावाडी कसाबसा काठाला लागला. तिकडे बापूंच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. माणसे एकेक पाऊल मागे सरली. साळूबाई तेवढी पुढे झाली आणि तिने बापूंचे डोके मांडीवर घेतले.

बापूंनी महाराजांची कफनी घट्ट धरली. एवढी भीती त्या चेहऱ्यावर कुणी कधी पाहिली नव्हती.

"महाराज, मी इतकं केलं... पुरेल ना?"

महाराज त्यांच्याजवळ बसले. खोटा धीर देणे त्यांना ठाऊक नव्हते.

"नाही पुरणार, बापू."

"मग मी काय घेऊन जाऊ?"

महाराज उत्तर देणार, तोच साळूबाई हळूच बोलली. "दादा, मी तरी काय नेलं होतं? त्यानं मला तशीच घेतली. तुम्हालाही घेईल. नुसतं त्याच्याकडं बघा."

बापूंचे डोळे आता उघडत नव्हते. ओठ मात्र हलले. "येशू, माझ्याकडे काही नाही. मला घे." एवढेच शब्द. कफनीवरची मूठ सैल झाली, कपाळावरच्या आठ्या विरल्या, आणि श्वास थांबला.

बापूंच्या घरच्यांनी हंबरडा फोडला. कुणी खांद्याला हात लावून महाराजांना उठवू लागले, पण महाराज उठले नाहीत. बापूंच्या कपाळावर तळहात ठेवून ते मंद स्वरात प्रभूला आळवीत राहिले. साळूबाईनेही डोके मांडीवरून खाली ठेवले नाही. आभाळ भरून आले होते, पान हलत नव्हते.

मग बापूंची छाती एकदा वर आली. पुन्हा आली. धाप लागल्यासारखा श्वास सुरू झाला, आणि पाहता पाहता बापूंनी डोळे उघडले. काय म्हणावे त्या दयाघनाच्या दयेला!

त्यांना उठून बसवले तेव्हा कुणीतरी विचारले, बापू, कसे वाटले होते?

"मी गेलोच म्हणून समजलो," बापू म्हणाले. "पण भीती नव्हती. जन्मात पहिल्यांदाच भीती नव्हती."

मग ते गुडघ्यांवर आले आणि साळूबाईपुढे त्यांनी मातीला कपाळ टेकले. ती घाबरून मागे सरली, नको नको म्हणू लागली. नमस्कार प्रभूला करावा, असे महाराजांनी सांगितले.

"त्यालाच करतो आहे, महाराज," बापू मान वर न करता म्हणाले. "हिची क्षमा मागतो आहे."

साळूबाईने डोळे पुसले, खाली वाकली आणि बापूंचे दोन्ही हात धरून त्यांना उठवले.