अकरा शहाणे आणि एक भंगार

“ज्याला कोणीच माहीत नाही, त्यानं रस्ता विचारायचा तरी कोणाला, भंतेजी?”

सुगत गजभियेनं हे विचारलं ते उत्तर हवं होतं म्हणून नाही. जिंकायचं होतं म्हणून.

भंते सुमेध विहाराचं अंगण झाडत होते. झाडतच राहिले.

सुगत पुण्याला कंपनीत नेटवर्कचं काम करून गावी आलेला. हुशारी अंगात मावत नव्हती, थोडी सांडायचीच. विहाराच्या अभ्यासिकेतले कॉम्प्युटर त्यानंच लावले होते, तेही फुकट. हे तो विसरला नव्हता आणि इतरांनाही विसरू देत नव्हता.

कॉम्प्युटर बारा. बाहेरच्या जगात जायला मात्र दार एकच, राउटरचा डबा. सुगतनं त्या डब्याचा पत्ता अकरा कॉम्प्युटरांत स्वतःच्या हातानं लिहून टाकला होता. जे ठाऊक नाही ते सगळं याच्याकडे सोपवा, दुसऱ्या कोणाला विचारू नका. बारावा कॉम्प्युटर जुना. “भंगार आहे,” म्हणत त्याला त्यानं हातही लावला नाही.

काल वीज पडली आणि डबा जळाला. सकाळी भंतेंनी शाळेतून दुसरा डबा मागून आणून जोडला.

आणि आज नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. पाचला फॉर्म बंद. आता चार वाजले होते. भंगारावर बसलेल्या मयुरी उकेचा फॉर्म केव्हाच गेला होता. बाकीच्या अकरा मुली सुगतच्या अकरा कॉम्प्युटरांसमोर हात बांधून बसल्या होत्या. एका फॉर्मला अर्धा तास लागतो. भंगार एकटं किती जणींना पुरणार?

म्हणून सुगत तणतणत अंगणात आला होता.

“तुम्ही त्या बाराव्याला काय केलंत?”

“मी काय करणार बा? त्यानंच विचारलं, डब्यानं सांगितलं.”

“कोणाला विचारलं? नवा डबा त्याच्या ओळखीचा नाही.”

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला. अंगणाच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, “पाणी कुठं मिळेल?”

“माठात हाय जी, इकडं या,” स्वयंपाकघरातून शेवंताबाई.

“हापशीवर बी हाय,” कुंपणापलीकडून कोणीतरी.

भंतेंनी डोळे उघडले.

“कोणाला विचारलं मी?”

“…कोणालाच नाही.”

“मग उत्तर कसं आलं?”

खिडकीला मुली गोळा झाल्या होत्या. त्यांच्यात खसखस पिकली.

“आणि भलत्यानंच ओ दिली तर?” सुगत इरेला पेटला. “चोरानं दिली तर?”

“देईल की.”

“म्हणून तर मी पत्ता लिहून ठेवतो. एकदाच. पक्का.”

“लिहिलास ना,” भंते म्हणाले. “जळालेल्याचा.”

आता मुली उघडच हसल्या. सुगतचे कान तापले. पण घड्याळ काही त्याच्या रागासाठी थांबणार नव्हतं. तो आत धावला. भंतेही मागोमाग आले.

“नवा पत्ता लिहितो. अकरा ठिकाणी लिहायला कितीसा वेळ लागतो?”

“शाळेचा डबा आहे, सुगत. उद्या परत द्यायचा.”

सुगतची बोटं थांबली.

“मग उद्या…”

“उद्या तिसरा येईल.”

“मग मी लिहू काय?”

भंते कोपऱ्यातल्या फळ्याजवळ गेले आणि डस्टर उचलून त्याच्या हातात ठेवलं.

…

सुगत डस्टरकडे बघत राहिला. मग त्यानं ते खाली ठेवलं आणि पहिल्या कॉम्प्युटरमधली आपली ओळ पुसली. स्वतःची ओळ पुसायला माणसाला जड जातं. तीही महिनाभर मिरवलेली.

क्षणभर काही झालं नाही. मग कॉम्प्युटरनं कोणाकडेच न बघता हाक दिली. डब्यानं ओ दिली. पान उघडलं.

“दादा, आलं,” समोरची मुलगी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दुसरा. तिसरा. सातव्याला सुगत गालातल्या गालात हसत होता. अकराव्याला तर तो मोकळेपणी हसला, आपल्याच फजितीला. पुण्याला गेल्यापासून असं हसलाच नव्हता तो.

पाचाला दहा कमी असताना शेवटचा फॉर्म गेला. मुलींनी असा कल्ला केला की शेवंताबाई उलथनं घेऊनच धावत आली. काय झालं ते कळल्यावर तिनं सगळ्यांना पोहे वाढले, सुगतला जरा जास्तच.

पोहे खाता खाता तो भंतेंजवळ सरकला. आता त्याला खरंच विचारायचं होतं.

“भंतेजी, डबा परका. त्याला खरा रस्ता माहीत आहे, हे त्या भंगाराला कसं ठाऊक?”

भंतेंनी झाडू उचलला. उरलेला पाचोळा गोळा करू लागले.

“त्याला कुठं ठाऊक होतं? पक्कं ठाऊक तर त्या अकरांना होतं.”