भागीचा पिवळा वेल

फार फार जुनी गोष्ट आहे. घड्याळं नव्हती, पण छड्या होत्या, त्या काळची. एका राजाने नगराभोवती उंचच उंच तट बांधला. तटाच्या सावलीत एका माळ्याचं वावर गेलं. त्या वर्षी तिथलं पीक पिवळं पडलं. राजाचा कारभारी म्हणाला, "माळी आळशी आहे. जमीन काढून घ्या."

माळ्याची लेक भागी पाठशाळेत जायची. तिने पंतोजींना विचारलं, "माझा बाप पहाटेपासून राबतो. मग पीक पिवळं का?"

दुसरा कुणी असता तर 'गप बस' म्हणाला असता. पंतोजी म्हणाले, "मला नको विचारूस, झाडालाच विचार. दोन कुंड्या घे. माती तीच, वाल तेच, पाणी तेवढंच. एक उन्हात ठेव, एक भिंतीआड. आणि पोरी, मध्ये लबाडी करायची नाही."

बाकीच्या पोरांनीही आपापले प्रश्न कुंड्यांत पेरले.

उन्हातला वेल हिरवागार चढला. भिंतीआडचा लांबडा, फिकट, पिवळा. भागी नाचलीच! "माझा बा आळशी नाही! सावलीच पीक खाते!" राजा लवकरच पाठशाळा बघायला येणार होता. तेव्हा दोन्ही कुंड्या त्याच्यापुढे ठेवायच्या, असं ठरलं.

आदल्या दिवशी पाठशाळेचे मुख्य आचार्य फेरी मारायला आले. पिवळा वेल पाहून त्यांचं डोकंच फिरलं.

"हे रोगट झाड राजापुढे? शाळेची अब्रू घालवता काय?"

पंतोजींनी हात जोडले. "अहो, हे रोगट नाही, हे उत्तर आहे!"

ऐकतो कोण! आचार्यांनी वेल उपटून उकिरड्यावर फेकला. राजाच्या बागेतून टवटवीत रोपं आणवली आणि सगळ्या कुंड्यांत खोचली. पोरांनी जीव लावून वाढवलेलं सगळं मातीत गेलं. शरम कशी वाटली नाही या माणसाला?

राजा आला, हिरवाई पाहून खूश झाला. "मुलांनो, काय शिकलात?"

भागी उभी राहिली. "महाराज, सावलीत झाड पिवळं पडतं."

"दाखव."

पोर उकिरड्याकडे धावली. वेल शेळ्यांनी केव्हाच फस्त केला होता.

"महाराज, ती खरं बोलते," पंतोजी पुढे झाले.

आचार्य हसले. "महाराज, पोरीला बापाचा पुळका आलाय, दुसरं काय?"

झालं! माळ्याची जमीन गेली आणि छान शाळा चालवल्याबद्दल तीच आचार्यांना इनाम मिळाली. माळी लेकीला घेऊन परमुलखात गेला. वर्गात तिची जागा रिकामी बघून पंतोजींच्या मस्तकाची शीर उठायची.

पुढच्या हंगामात आचार्यांनी शेतात गडी लावले, खत ओतलं. पीक पिवळं ते पिवळंच! कारभारी म्हणाला, "आचार्यही आळशी निघाले."

आचार्य राजाकडे धावले. "महाराज, हा सावलीचा दोष आहे!"

"आत्ता दाखव," राजा म्हणाला.

आचार्य धापा टाकत पंतोजींकडे आले. "पंतोजी, ती पिवळी कुंडी... एखादी तरी ठेवली असेल ना तुम्ही?"

पंतोजी कडाडले. "तुम्हीच फेकलीत ती! आणि पुन्हा लावून दाखवेल अशी पोर तुमच्याच इनामापायी देशोधडीला लागली. आता कुणाला विचारता?"

आचार्यांची जमीन गेली, आणि 'आळशी' हा शिक्का मरेपर्यंत पुसला गेला नाही.

म्हणून म्हणतात, दिखाव्यासाठी जो खरं फेकून देतो, त्याच्या अडचणीला खरं धावून येत नाही.