राडारोडा कुणाच्या रानात?

"मातीची बालवाडी पाडून सिमेंटची बांधू, शंभर वर्षं हलणार नाही!" सरपंच भगवंतराव ग्रामसभेत गरजले.

त्या मातीच्या भिंती स्वतःच्या हातांनी उभारणारी धुरपदाबाई पदर खोचून उठली.

"पाडा. पण आधी राडारोड्याचं ठरवा. माझ्या भिंतींची माती माझ्या वांग्यांच्या वाफ्यात टाका. अन् तुम्ही बांधलेली सिमेंटची टाकी बारा वर्षांत तडकली, तिचे तुकडे अजून गायरानात पडलेत. ते तुमच्या उसात पसरा."

"माझं रान नासवायचंय काय?" सरपंच ओरडले.

धुरपदाबाई सभेकडे वळली. "ऐकलंत? ह्यांच्या रानाला जे सोसत नाही, ते गावाच्या रानानं का सोसायचं?"

बालवाडीला त्या साली फक्त नवा गिलावा झाला. गायरानातले तुकडे मात्र सरपंचांनाच उचलावे लागले.