वाऱ्याने नेलेली नावे

एका राज्यात, जिथे मातीच्या तटाबाहेर बाजरीची शेते आभाळाला टेकत आणि तटाच्या आत निळीची कुंडे कधी कोरडी पडत नसत, तिथे बाराऊ नावाचा सार्की राज्य करीत होता. त्या भूमीत राजाला सार्की म्हणत.

तिथे देवळे नव्हती. झाडे होती, खडक होते, आणि त्यांत वस्ती करणारे वारे होते. कोणी वारा पांढरा, कोणी तांबडा, कोणी काळा. ज्या वाऱ्याचा जो रंग, त्या रंगाचा कोंबडा त्याला द्यावा आणि त्याच्या झाडाला हात लावण्याआधी त्याची आज्ञा घ्यावी, असा पूर्वजांचा दंडक होता.

दुसराही एक दंडक होता. पहिल्या अपत्याचे नाव आईबापांनी मुखाने घेऊ नये. चारचौघांत त्याच्याकडे निरखून पाहू नये, त्याचे कौतुक करू नये. लाभलेल्या दानाचा गर्व होऊ नये, यासाठी ही लाज पाळावयाची असे.

सार्की बाराऊ हा दुसरा दंडक काटेकोर पाळी. राणी वारल्याला नऊ वर्षे झाली होती. तिची एकुलती मुलगी हांत्सी आता सतरा वर्षांची होती; पुढे गादीवर बसायची होती. ऊन चढू लागते त्या प्रहराला तिथे हांत्सी म्हणत, आणि ती त्याच प्रहरी जन्मली होती. सार्कीने ते नाव एकदाही उच्चारले नव्हते. मुलगी समोर आली की त्याची नजर खाली जाई. तिची पावले तेवढी त्याला ओळखीची होती.

पहिला दंडक मात्र तो विसरला. जो नियम पाळताना राजाचा डौल शोभून दिसतो तो त्याने पाळला. ज्यात राजाला मागणे मागावे लागते तो सोडला. अनर्थ तिथून सुरू झाला.

पूर्ववेशीजवळ एक पुरातन चिंच होती. तीत काळा वारा राही. त्याची सेवा आजुजी नावाची वृद्धा करी. तिच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून जन्मताच तिला उकिरड्यावर ठेवून उचलले होते आणि उकिरड्याचेच नाव दिले होते, की मृत्यूला ती टाकाऊ वाटावी. ती सार्कीची आतेबहीण. आते-मामेभावंडांनी एकमेकांची मनसोक्त थट्टा करावी, अशी त्या देशाची रीत असल्याने सार्कीला टाकून बोलण्याचा अधिकार राज्यात तिला एकटीलाच होता.

वेशीला नवी दारे हवीत म्हणून सार्की कुऱ्हाडी घेऊन चिंचेपाशी आला, तेव्हा ती म्हणाली, “मामेभावा, दार नसले तर तुझे राज्य पळून जाणार आहे काय? काळा कोंबडा आण. सात दिवस थांब. वारा हो म्हणेल, नाही म्हणेल. विचारून तरी पाहा.”

“पाहुणे राजे यायचे आहेत. मला सात दिवस नाहीत.”

“तुझ्या बापाला नांगर धरता येत नव्हता, तुला कोंबडा धरता येत नाही. घराण्याची कीर्ती राखलीस हो!”

लोक हसले. सार्कीही हसला, पण त्याने बरोबरच्या लाकूडतोड्यांना खूण केली.

तेवढ्यात हांत्सी पुढे आली आणि चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. ती बोलली नाही. पहिल्या अपत्यानेही बापाशी वाद घालू नये, अशी रीत होती.

सगळे वडीलधारे पाहत होते. मुलीला दूर हो म्हणायचे तर नाव घ्यावे लागले असते. आपली म्हणावे लागले असते. सार्कीने कुऱ्हाडीच्या पात्याकडे पाहिले आणि म्हटले, “कोणाची तरी मुलगी उभी आहे. तिला बाजूला करा.”

तिला बाजूला केले. दुपारपर्यंत चिंच पडली.

मग खोडाच्या बुडख्यातून काळ्या धुळीची वावटळ उठली आणि खांबासारखी सरळ उभी राहिली. तिच्यातून आवाज आला. “घर कोणाचे, हे तू विचारले नाहीस. आता कोण कोणाचा, हे इथे कोणालाच कळणार नाही. जिला तू कोणाची तरी म्हणालास, ती कोणाचीच नाही. म्हणून ती माझी.”

वावटळीने हांत्सीला वेढले आणि नेले. पाखडताना सुपातले फोल उडावे, तशी सगळ्यांच्या तोंडची नावेही तिच्यामागे उडून गेली.

कथेला ती नावे ठाऊक आहेत. त्यांना नव्हती.

त्या दिवसापासून राज्यात कोणाला काही कळेनासे झाले. हाक मारायला नाव नाही, म्हणून माणसे एकमेकांच्या बाह्या ओढीत. नाव गेले तसे नातेही सैल झाले. बायका शिजवलेले अन्न घेऊन दारोदार फिरत आणि जो हात पुढे करी त्याला वाढीत. दोघे म्हातारे एकाच अंगणात बसून हे घर तुझे की माझे, असे एकमेकांना आदराने विचारीत होते. राजवाड्याच्या द्वारपाळाला सिंहासन रिकामे दिसले, म्हणून तो त्यावर बसला. कोणी हरकत घेतली नाही.

सार्की वाड्यात गेला तेव्हा द्वारपाळाने विचारले, “आपण कोण?”

“मी...” सार्की थांबला. “या आसनाचा आणि माझा काही संबंध असावा.”

“असेल. पण मी आधी बसलो आहे. तुम्ही धान्याचे व्यापारी दिसता. बाहेर थांबा.”

सार्की बाहेर थांबला. बराच वेळ त्याला वाटले, आपण धान्याचे व्यापारीच असू. बाजरीचा भाव आठवून पाहिला, तो आठवेना. मनात सगळेच डुचमळत होते; एकच गोष्ट तळाशी दगडासारखी होती. एक मुलगी वाऱ्यात गेली आहे, ती माझी आहे, आणि ती मला परत आणायची आहे.

तो चिंचेच्या बुडख्यापाशी गेला. तिथे आजुजी पाण्याच्या परातीत भोपळ्याचे अर्धुक पालथे घालून त्यावर संथपणे थाप देत बसली होती.

“तू कोण, ते मला आठवत नाही,” ती म्हणाली. “पण तुझे तोंड पाहिले की टोमणा मारावासा वाटतो. म्हणजे तू माझा मामेभाऊ असणार.”

“माझी मुलगी गेली, बाई. वाऱ्याला विचार, ती कशी परत येईल?”

“आता विचारतोस होय!” ती म्हणाली, पण तिने थाप जलद केली. पाणी घुमू लागले. तिची मान डोलली, डोळे स्थिर झाले आणि तिच्या अंगात वारे आले. आवाज तिचा राहिला नाही.

“तीन गोष्टी कर. तोडलेस ते परत दे. माझी सावली परत दे. आणि माझ्या पक्ष्यांत तुझी कोणती, ते सांग. चौथ्या दिवशी ऊन चढले की माझे पक्षी दक्षिणेला उडतील. त्यांच्याबरोबर जी गेली, ती पुन्हा माणूस होत नाही.”

पहिल्या दिवशी सार्की चिंचेचे बी शोधू लागला. झाडाला त्या वर्षी शेंगा धरल्या नव्हत्या. घरोघरची जुनी चिंच बाजरीच्या पेजेत संपली होती आणि चिंचोके उकिरड्यावर गेले होते. सार्कीने उकिरड्यात कोपरापर्यंत हात घातले. वरून बायका राख ओतीत होत्या; हा कोण, हे त्यांना कळत नव्हते आणि पुष्कळदा त्यालाही कळत नव्हते.

एका म्हातारीने वाकून विचारले, “काय हरवले, दादा?”

“राज्य, बहुधा.”

“मग नीट शोध. माझी सुई गेल्या आठवड्यात इथेच सापडली.”

दिवस कलताना त्याला तीन चिंचोके मिळाले. दोन किडलेले होते. एक अभंग होता. तो त्याने कमरेला बांधला.

दुसऱ्या दिवशी तो सावली शोधू लागला. सावली उचलून आणायची कशी, हे त्याला उमगेना. तो सावल्यांमागे भिंतीभिंतीने हिंडला. दुपारी त्या आखडल्या आणि त्याच्या हाती काही लागले नाही. अखेर तो निळीच्या कुंडांपाशी पोहोचला. तिथेही गोंधळच होता. कोणते कापड कोणाचे, हे कळत नसल्याने रंगारी सगळीच कापडे एका कुंडात पुन्हा पुन्हा बुडवीत होते. त्यांतले एक कापड इतके काळेनिळे झाले होते, की त्याकडे पाहताना डोळ्यांना थंडावा वाटे.

“हे मला द्या,” सार्की म्हणाला.

“बुडवणारे आम्ही पुष्कळ आहोत,” मुख्य रंगारी म्हणाला. “कुटणारा सापडत नाही. हे ओंडक्यावर कुटून पोलादासारखे चमकव आणि घेऊन जा.”

त्याने लाकडी मोगरी उचलली. दुसरा दिवस सरला, तिसराही सरला. तळहाताला फोड आले, ते फुटले, आणि जखमांत नीळ शिरली.

रंगारी म्हणाला, “हात कष्टकऱ्याचे नाहीत तुझे.”

“कोणाचे होते, ते आठवत नाही.”

“आता आमच्यातले दिसतात.”

सार्कीने निळे तळहात पाहिले. ते आपले आहेत, याविषयी त्याला त्या क्षणी शंका वाटली नाही. तीन दिवसांत स्वतःविषयीची ही पहिलीच खात्री होती.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे नगर बुडख्याभोवती जमले. का जमलो, हे त्यांना ठाऊक नव्हते. इतर जमले म्हणून जमले होते. सार्कीने बुडख्याशेजारी माती उकरून चिंचोका पुरला. चार काठ्या रोवून त्यांवर ते कापड ताणले. खाली काळी, थंड सावली पडली.

आजुजीच्या मुखातून वारा म्हणाला, “दोन झाली.”

त्या सावलीत चाळीस धनेश पक्षी चालत आले. रानात जमिनीवरून हिंडणारे ते मोठे काळे पक्षी, गळ्याशी तांबडी कातडी लोंबणारे. एकासारखी एक चोच, एकासारखे एक पीस. आणि चाळीसही जण एकाच मुलीच्या आवाजात म्हणाले, “बाबा.”

“तुझी कोणती?”

सार्कीने पाहिले. आयुष्यात प्रथमच त्याने मुलीसाठी नजर वर करून पाहिले, आणि काय शोधायचे हेच त्याला ठाऊक नव्हते. तिच्या डोळ्यांचा रंग त्याने पाहिला नव्हता. ओळखीची होती ती पावले. पण चाळीस पक्ष्यांची पावले सारखीच धुळीने माखली होती.

“बाबा,” सगळे पुन्हा म्हणाले. ऊन चढत होते. पक्ष्यांचे पंख थरथरू लागले.

सार्की गर्दीकडे वळला. “माझ्या मुलीचे नाव कोणाला येते?”

 जिने हांत्सीला अंगाखांद्यावर खेळवले आणि सहस्र वेळा हाक मारली, ती दाई पुढे आली. तिने तोंड उघडले, आणि रिकामेच मिटले.

तेव्हा सार्कीला कळले. वाऱ्याने नावे जिभांवरून उचलली होती. त्याच्या जिभेवर हे नाव कधी आलेच नव्हते. सतरा वर्षे ते आत खोल पडून होते, उकिरड्यातल्या त्या एका बीसारखे अभंग. वारा तिथवर पोहोचला नव्हता.

नाव त्याला येत होते. पण सगळ्या नगरादेखत पहिल्या मुलीचे नाव! त्याच्या बापाने घेतले नव्हते, आज्याने घेतले नव्हते. आपण दंडक पाळतो आहोत की पुन्हा तेच पाप करतो आहोत, हे त्याला समजेना. त्याने दोन वेळा तोंड उघडले, दोन वेळा मिटले.

तेवढ्यात आजुजीची मान सरळ झाली. अंगातले वारे क्षणभर ओसरले होते. आवाज तिचा होता.

“मामेभावा, उकिरड्यात हात घालताना लाजला नाहीस. आता तोंड उघडायला लाजतोस?”

सार्की गुडघ्यांवर आला. त्याने कपाळ धुळीला टेकले. ती लाज गर्व मोडण्यासाठी होती, आणि त्याने तिच्या आडोशाला गर्वच जपला होता. धुळीत तोंड ठेवून तो म्हणाला, “हांत्सी.”

मग मान वर करून, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, “हांत्सी माझी मुलगी आहे. आणि हे झाड माझे नव्हते. मी विचारायला हवे होते.”

एकोणचाळीस पक्षी “बाबा” म्हणाले. एक आपले नाव ओळखून गप्प राहिला.

एकोणचाळीस उडाले आणि दक्षिणेला गेले. सावलीत हांत्सी उभी होती, पावले धुळीने माखलेली.

तिने प्रथम वृद्धेकडे पाहिले आणि हाक मारली, “आजुजी आत्या.” आजुजीने दाईला हाक मारली. दाईने नवऱ्याला, नवऱ्याने शेजाऱ्याला. नावे अशी माणसामाणसांतून परतत गेली आणि वाड्यापर्यंत पोहोचली, तेव्हा द्वारपाळ सिंहासनावरून उठला, त्याने बैठक झटकली आणि तो मुकाट्याने दारात जाऊन उभा राहिला.

तोडलेल्या लाकडाची दारे झाली नाहीत. त्याचे कुंपण त्या मातीभोवती घातले. पुढे पाहुणे राजे आले आणि वेस उघडी का, म्हणून त्यांनी विचारले. सार्कीने मंत्र्याला बोलू दिले नाही; तो स्वतः म्हणाला, “ते लाकूड माझे नव्हते.” दरवर्षी त्या दिवशी तो काळा कोंबडा स्वतःच्या हातात धरून आणी. त्याला तो नीट धरता येत नसे आणि आजुजी दरवर्षी हसे.

दंडक दोन्ही राहिले. बाप मुलीकडे पाहत नसे, मुलगी बापाशी वाद घालीत नसे. रोज ऊन चढताना दोघे रोपाला पाणी घालीत; तो एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने, दोघांच्याही नजरा मातीकडे.

रोपाला दुसरे पान फुटले त्या दिवशी सार्कीचे पाणी संपले. आसपास कोणी नव्हते. त्याचे निळे राहिलेले तळहात कुंपणावर टेकलेले होते.

“हांत्सी,” तो म्हणाला, “जरा ते भांडे दे.”

तिने दिले. वारा नव्हता, तरी दोन्ही पाने हलली.