अर्धी पेंड

कोल्हे तेलाचे घाणे चालवत आणि बैल पेंडीवर राबत, त्या काळची गोष्ट. बाजारात तेलाचा भाव पडला, तसा कोल्हा सर्वांत शेवटी आलेल्या मोऱ्या बैलाला म्हणाला, "बाबा, तू निघ."

"का मालक? मी कामचुकार आहे?"

"छे रे! पण तुझ्यामुळे जे तेल वाढतं, त्यात आता तुझ्या पेंडीचा खर्च सुटत नाही. भाव वाढवला, तर गिऱ्हाईक शेजारच्या घाण्यावर जाईल."

बाहेर रानात गवताची काडी नव्हती. मोऱ्या गुडघे टेकून म्हणाला, "अर्धी पेंड द्या, पण ठेवा."

कोल्ह्याने ठेवलं. संध्याकाळी सगळ्यांच्याच गव्हाणीत अर्धी पेंड पडली.

"हे काय, मालक?" म्हातारा शेंदऱ्या ओरडला.

"मोऱ्याला परवडतं. तुम्हाला का नाही?"

कोल्ह्याला कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांनी मिळून मोऱ्याला शिंगांवर घेतलं.