तळं कुणी तुडवलं?

ऐका हं, लहानांनी ऐका आणि थोरांनी तर कान देऊन ऐका. फार फार पूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही ठाऊक नसलेल्या काळी, भर समुद्रात एक बेट होतं. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचं एकच तळं. बेटावरची माणसं त्या तळ्यावर जगत, आणि गाडीच्या चाकाएवढाली चाळीस कासवंही.

तिथं एक कुंभारीण राहायची. हाताची गुणी, जिभेची तिखट. कासवांशी तिचं मुळीच पटत नसे. वाटेत वाळत घातलेलं मडकं आलं, तर ती कासवं वळून जातील? नाव नको! सरळ तुडवून पुढं जायची. वर दिवसभर तळ्यात लोळून पाणी गढूळ करायची, ते वेगळंच. एके दिवशी सात मडक्यांचा चुरा झाला, तशी बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक गेली ती पाटलाकडे.

"पाटीलबाबा, इथं एक तर ही कासवं राहतील, नाहीतर मी!"

आता बेटावर मडकी घडवणारी ती एकटीच. पाटील करतो काय? तराफे बांधले, कासवं लोटत लोटत वर चढवली आणि समोरच्या खडकाळ बेटावर नेऊन सोडली. तळं नितळ झालं. सगळ्यांनी कुंभारणीला शाबासकी दिली.

पाऊस दरवर्षीसारखाच पडत राहिला. पण कधी न आटणारं तळं पहिल्या वर्षी वैशाखात आटलं, दुसऱ्या वर्षी फाल्गुनात, आणि तिसऱ्या वर्षी पौषातच तळ उघडा पडला. विहिरी खणल्या, त्या खाऱ्या निघाल्या. शेवटी पाटलानं दवंडी पिटवली, "येत्या पुनवेला होड्या भरा. बेट सोडायचं."

कुंभारणीची भट्टी इथली, तिची माणसं याच मातीत गेलेली. पण रडत बसेल तर ती कसली! तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. पाऊस तेवढाच, तर मग पाणी जातं कुठं?

तळ्याकाठी तिचा माती तुडवायचा खड्डा होता. सहज तिथं डोकावली आणि बघतच राहिली. आठवड्यापूर्वीचं उरलेलं पाणी खड्ड्यात तसंच होतं! चार पावलांवर तळं कोरडं आणि इथं पाणी? तिनं शेजारी दुसरा खड्डा खणला, पण तो तुडवला मात्र नाही. त्यात लोटाभर पाणी ओतलं. दुपारपर्यंत ते जिरूनही गेलं.

"तुडवलेली माती पाणी धरते, न तुडवलेली पिऊन टाकते," ती स्वतःशीच म्हणाली. "मग आजवर हे एवढं थोरलं तळं तुडवलं कुणी?"

प्रश्न तोंडातून निघाला मात्र, बाईची नजर समोरच्या खडकाळ बेटाकडे गेली.

चूक कळणं सोपं असतं हो, चारचौघांत सांगणं अवघड. पण कुंभारीण पाटलाच्या अंगणात साऱ्या गावादेखत उभी राहिली. "तळं मी घालवलं. कासवांच्या पायांनी ते धरून ठेवलं होतं. मला एक पावसाळा द्या."

कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. पाटलानं मात्र दोन्ही खड्डे डोळ्यांनी पाहिले. "एक पावसाळा," तो म्हणाला. "तोवर पलीकडच्या मुलखातून होड्यांनी पाणी आणू. त्यापुढं नाही."

कुंभारीण खडकाळ बेटावर गेली. चाळीसांतली अकराच कासवं उरली होती. तिला भडभडून आलं. थोरल्या कासवापुढं तिनं पदर पसरला.

"आजोबा, चुकले मी. परत चला. तुम्ही आमचं तळं राखत होता."

म्हाताऱ्या कासवानं मान बाहेर काढायलाच घटकाभर लावली. "राखत होतो? आम्ही? छे गं बाई! आम्हाला आपलं चिखलात लोळायला आवडतं."

"मग लोळा! हवं तेवढं लोळा!"

"आणि तुझी मडकी?"

"ती वाळवायला मी उंच माच बांधते."

"येतो तर," कासव म्हणालं. "पण मेलेली एकोणतीस कुठून आणशील?"

कुंभारणीनं अकराही कासवं एकेक करून तराफ्यावर चढवली.

अकरा कासवं एका पावसाळ्यात तुडवून तुडवून किती तुडवणार? तळ्याचा एक कोपरा. पण त्या कोपऱ्यात पाणी चैत्रापर्यंत टिकलं आणि बेट सोडण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. पुढं कासविणींनी अंडी घातली. घुशी ती उकरू लागल्या, तेव्हा कुंभारणीनं प्रत्येक घरट्यावर भोकांचं मडकं पालथं घातलं. वर्षानुवर्षं तिनं राखण केली. पिल्लंही कासवाचीच, सावकाशीनं वाढली. तिचे केस पिकले तेव्हा कुठं तळं बारमाही झालं, आणि चाळीस कासवं काही तिच्या हयातीत भरली नाहीत.

एकदा पाणवठ्यावर गावात नव्यानं आलेली एक सून कुरकुरली, "शी! केवढं हे गढूळ पाणी! या कासवांना कुणी हाकलत कसं नाही?"

म्हातारी कुंभारीण आपली घागर खाली ठेवून म्हणाली, "पोरी, गढूळ पाणी गाळून पिता येतं. पाणीच नसलं, तर गाळशील काय?"

तात्पर्य: कुणाची खोड खुपली म्हणून त्याला हाकलण्याआधी, त्याच्यावाचून आपलं काय अडेल ते पाहावं.